कोटवाल्याचा वीर

माझ्या नवऱ्याला शेवट माहीत आहे आणि तो मला सांगत नाही, हे डोक्यात घेऊन मी सगळा हिवाळा काढला. शेखरने माझ्यापासून आजवर काही लपवलेलं नाही. त्याला जमतच नाही, चेहऱ्यावर लगेच उमटतं. पण 'ग्रेकोट'चा विषय निघाला की तोंडात मिठाची गुळणी. मी शेवभाजी करून पाहिली, भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. शेवभाजी त्याने दोनदा वाढून घेतली, भांडण ऐकून घेतलं आणि अबोल्यात तर त्याला बरंच वाटलं असावं.

'ग्रेकोट' ही परदेशी मालिका. ज्यांनी पाहिली नाही त्यांचं मला नवल वाटतं, पण तरी सांगते. त्यातल्या कॅलम नावाच्या माणसाकडे एक शक्ती आहे. मरायला टेकलेल्या माणसाला त्याने हात लावला की तो माणूस वाचतो. फक्त दर वेळी कॅलमच्या डोक्यातून त्याचं स्वतःचं एक माणूस पुसलं जातं. पहिल्या सीझनमध्ये आई गेली, म्हणजे ती जिवंत होती, पण हा तिला ओळखेना. मग भाऊ, मग बायको, मग जिवाचा मित्र. शहरातले लोक त्याला देव म्हणतात आणि तो घरी येऊन भिंतीवरच्या फोटोंतली ही माणसं कोण, म्हणून विचार करत बसतो. राखाडी कोट घालतो म्हणून ग्रेकोट. आमच्या गल्लीत त्याला सगळे कोटवाला म्हणतात.

पाचव्या, म्हणजे शेवटच्या सीझनपर्यंत त्याच्या आठवणीत एकच माणूस उरलं होतं, त्याची मुलगी नोरा. आणि जाहिरातीत दाखवलं होतं काय, तर पूल कोसळलाय, नोरा खाली अडकलीय आणि कोटवाल्याचा हात पुढे येतोय. तिथेच कापलं. आता हा मरतो की मुलीला विसरतो? नाशिकच्या द्वारका चौकात मी ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात बुकिंगला बसते, तिथे पुण्याची तिकिटं काढायला आलेले लोकही ह्यावर वाद घालत होते.

आणि ह्या कोटवाल्याचा मराठी आवाज म्हणजे आमचा शेखर.

नाशिककरांनी शेखरचा आवाज आयुष्यभर ऐकलाय. साड्यांच्या सेलची रिक्षा फिरते तिच्यात तो असतो, योग शिबिराच्या जाहिरातीत तोच, द्राक्षमहोत्सवात हरवलेल्या मुलांची नावं पुकारणाराही तोच. पण हा आवाज कोणाचा, हे कोणाला ठाऊक नाही. 'ग्रेकोट'च्या चार सीझनमध्येही मराठी आवाज कोणाचे, ते कधी दाखवलं नव्हतं. ह्या वेळी करार करताना मुंबईच्या स्टुडिओतल्या उज्वला मॅडम म्हणाल्या, "शेवटच्या भागाच्या अगदी शेवटी मराठी कलाकारांची पाटी येणार आहे. तुमचं नाव पहिलं."

त्या दिवशी शेखर घरी आला तो जिना चढताना शीळ घालत. पण खरा हुरळला तो माझा सासरा.

अण्णा मूळचे कळवणचे, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. गावाकडे त्यांनी पाच वर्षं सांगून सांगून जीभ झिजवली की इंग्रजांच्या सिरीयलीत आमचा शेखर बोलतो. कोणी विश्वास ठेवला नाही. गोऱ्या माणसाच्या तोंडातून खैरनारांचा पोरगा कसा बोलेल, असं त्यांचे चुलतभाऊ तोंडावर म्हणायचे. आता अण्णांनी एकेकाला फोन लावला. "रंगपंचमीला शेवटचा भाग हाय. शेवटपर्यंत बघा. नाव येणार हाय, लेखी."

एकाच गोष्टीवरून त्यांची शेखरशी कुरबूर झाली. पाटीसाठी पूर्ण नाव कळवायचं होतं. अण्णा म्हणाले, "नुसतं शेखर खैरनार दे. मधलं कशाला?"

मधलं म्हणजे त्यांचं स्वतःचं, भिकन. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून त्यांच्या आईने पाच घरी पदर पसरून, भीक मागून ह्या मुलाला मागून घेतलं, म्हणून भिकन. गावाकडे अशी नावं ठेवायचे. पण डेपोत पोरं चिडवायची, तेव्हापासून अण्णा सगळीकडे बी. आर. खैरनार अशी सही करतात. मला लग्नानंतर वर्षभर त्यांचं नाव बाळकृष्ण वाटत होतं. शेखर त्यांच्यासमोर "बरं" म्हणाला आणि विषय संपला.

एक मात्र कबूल करायला हवं. शेवट शेखरलाही माहीत नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. गोष्ट फुटू नये म्हणून ह्या सीझनला आवाज देणाऱ्यांना चित्रच दाखवत नव्हते. पडदा सगळा काळा, त्यात ओठांपुरतं एक भोक. ओठ हलले की बोलायचं. समोर कोण उभं आहे, आग लागलीय की लग्न चाललंय, काही कळायचं नाही. माणसांची नावं आली की तिथे टूं असा आवाज. शेवटच्या दिवसाचं काम करून आला तेव्हा तो जेवलाच नाही.

"शेवटचं वाक्य फसलं," म्हणाला.

"कोणतं?" मी पोळी लाटायची थांबले.

"ते सांगता येत नाही. पण कोणाला म्हणतोय तेच कळलं नाही, स्नेहल. मॅडम म्हणाल्या, साधं म्हण. मी आपलं बसस्टॉपवर शेजारी कोणी येऊन बसावं आणि त्याला म्हणावं, तसं म्हणून आलो. इतकी वर्षं त्या माणसाचा आवाज काढला आणि शेवटचं वाक्य असं थंड."

"मग म्हणून दाखव ना. त्याच्या आवाजात."

तो उठून हात धुवायला गेला. घरात तो कोटवाल्याचा आवाज कधीच काढत नाही, माझ्या वाढदिवसालासुद्धा काढला नाही. म्हणतो, तो आवाज कामाचा आहे, खुंटीला टांगून घरी येतो.

तर असं सगळं जिथल्या तिथे असताना धुळवड आली.

आमच्याकडे धुळवडीला वीर नाचवतात. घराण्यातला कोणी लढताना, मनातलं मनात ठेवून गेला असेल, तर त्याचा चांदीचा टाक, म्हणजे छोटी कोरीव प्रतिमा, देवघरात असतो. धुळवडीला तो टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवायचा, लाल फडक्यात बांधायचा, वाजतगाजत गोदावरीवर नेऊन आंघोळ घालायची आणि होळीभोवती नाचवून घरी आणायचा. आमचा वीर म्हणजे अण्णांचे कोणी खापरपणजोबा. दरवर्षी अण्णाच त्याला नेतात. ह्या वर्षीही नेलं. मी मागे डफाच्या तालावर चालत होते, माझं लक्ष नव्हतं. घाटावर त्यांनी फडकं सोडलं तेव्हा खोबऱ्याच्या वाटीत दोघं होते. एक आमचा टाक आणि त्याच्या शेजारी, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीतून कापून, पुठ्ठ्यावर चिकटवून, प्लास्टिकमध्ये घातलेला कोटवाला. त्याला हळदकुंकू लावलेलं. अण्णांनी दोघांवर गोदावरीचं पाणी शिंपडलं आणि दोघांना नाचवलं.

मला हसू आलं. इतकंच. बाकी कोणी हसलं नाही, कारण आमच्या खालच्या मजल्यावरच्या रोहितने, त्याचं मोबाइलचं दुकान आहे, ह्या सगळ्याचा व्हिडिओ काढला आणि वर लिहून टाकलं: 'ज्या घरात कोटवाल्याचा आवाज राहतो, त्या घराने आज कोटवाल्याचा वीर नाचवला. वीर कोणाचा नाचवतात, ते नाशिककरांना सांगायला नको.'

खरंच सांगायला नको होतं. वीर गेलेल्याचाच नाचवतात. संध्याकाळपर्यंत आख्ख्या नाशिकने ठरवलं की कोटवाला मेला. दुसऱ्या दिवशी पुण्याने ठरवलं, मग मुंबईने. वीर म्हणजे काय हे समजावणारे व्हिडिओ निघाले, त्यांच्याखाली लोक रडणाऱ्या बाहुल्या टाकत होते. ऑफिसात एक बाई माझ्या काउंटरला येऊन वणीचं तिकीट मागता मागता म्हणाली, "वाईट झालं हो." जणू आमच्याच घरात कोणी गेलं होतं.

आणि उज्वला मॅडमचा फोन आला. शेखरने मलाही ऐकू यावा म्हणून स्पीकरवर टाकला.

"शेखर, हे कुठून फुटलं?"

"मॅडम, मला स्वतःला माहीत नाही शेवट काय आहे."

"मलाही पूर्ण भाग दाखवलेला नाही. पण वरचे लोक विचारतायत. हे बघा, शेवट जर तुमच्या त्या व्हिडिओसारखाच असेल, तर ते म्हणणार की तुमच्याकडूनच फुटलं. मग पाटीवरचं नाव काढतील, आणि पुढचं काम मी देऊ शकणार नाही. शेवट वेगळा असेल तर हसून सोडून देतील. माझ्या हातात काही नाही."

फोन ठेवल्यावर मी सरळ रोहितच्या दुकानात गेले आणि त्याला जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर त्याच्या शेकडो नकला फिरत होत्या. परत आले तर बाप-लेक समोरासमोर बसलेले.

"अण्णा, का केलंत हे?" शेखरचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं.

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मालिका संपणार म्हणाले ना? शेवटला सीझन. म्हणजे आता तो परत यायचा नाय. मरू नायतर जगू, आपल्या घरातून गेलाच ना? पाच वर्सं घरात होता. त्याला त्याचं कोण उरलंय? आईला विसरला, भावाला विसरला. त्याचा वीर कोण नाचवणार? म्हटलं आपण नाचवू. आपलाच शे ना तो."

अण्णा फार चिडले किंवा फार हळवे झाले की अहिराणीवर येतात. शेखर उठून बाहेर गेला. त्यानंतर अण्णा आतल्या खोलीत जे शिरले ते जेवणापुरते बाहेर यायचे. दिवसभर आतला टीव्ही चालू. कधी कुठली मालिका, कधी कुठला सिनेमा, आणि प्रत्येकाचा फक्त शेवट. शेवटचं संगीत वाजायचं, थांबायचं, परत वाजायचं. मला वाटलं, म्हाताऱ्याने धसका घेतला. मी दाराशी चहा ठेवून यायची.

रंगपंचमी उजाडली. नाशिकची खरी रंगपंचमी रहाडीत. चौकात जमिनीखाली जुना हौद असतो, तो वर्षातून एकदा उघडतात, रंगाच्या पाण्याने भरतात आणि माणसं त्यात धपाधप उड्या मारतात. आमच्या चौकातली रहाड दुपारनंतर पूजा करून सुरू होणार होती. त्याआधी साडेबाराला ॲपवर 'ग्रेकोट'चा शेवटचा भाग येणार होता. गल्लीने ठरवलं, सगळ्यांनी एकत्र बघायचा. गल्लीतल्या नियाजभाईंचा मंडपाचा धंदा आहे. त्यांनी आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगला काळे पडदे लावले आणि लग्नात स्टेजजवळ लावतात तो मोठा टीव्ही आणला. त्यांचा आणि त्यांच्या बायकोचा, बिलकिसचा, रोजा होता. तरी सगळ्यांसाठी पाण्याचे जार तेच उचलून ठेवत होते. बिलकिस माझ्याशेजारी बसली. पाचही सीझन आम्ही दोघींनी मिळून पाहिलेत, दर आठवड्याला एकीच्या घरी.

"मेला ना, तर मी रोहितच्या दुकानाला कुलूप लावीन," ती म्हणाली.

"किल्ली मला दे," मी म्हटलं.

सकाळपासून रंग खेळलेली माणसं होती. हिरवे कान, जांभळे दात. शेखर अगदी मागे खांबाला टेकून उभा. अण्णा आले, पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसले आणि सवयीप्रमाणे रिमोट मांडीखाली घेतला. आमच्या घरात रिमोट कायम त्यांच्या मांडीखालीच सापडतो. रंग लागू नये म्हणून त्यांनी तो दुधाच्या पिशवीत घातला होता.

सुरू झालं आणि मी सगळं विसरले. नाव विसरले, फोन विसरले. काय भाग होता! पुलाच्या तारा एकेक तुटायला लागल्या तेव्हा बिलकिसची नखं माझ्या दंडात रुतली होती आणि मला ते नंतर आरशात कळलं. कोटवाला पाण्यात उतरला. नोराचा श्वास थांबला होता. तो हात पुढे करतो आणि थांबतो. हात लावला तर ती जगेल, पण त्याच्यासाठी जगात कोणी उरणार नाही. पार्किंगमध्ये रहाडीवरचे ढोल ऐकू येत होते, बाकी शांतता. मागून कोणीतरी म्हणालं, "लाव रे बाबा." त्याने हात लावला. नोराने श्वास घेतला आणि कोटवाला उताणा पाण्यात पडला. कोट पसरला. डोळे मिटले. पडदा काळा.

कोणी हललं नाही. मी मागे पाहिलं. शेखर जमिनीकडे बघत होता. संपलं, मी म्हटलं, कोटवालाही गेला आणि नावही.

मग पक्ष्यांचा आवाज आला.

नदीकाठचं बाकडं. त्यावर एक माणूस, अंगात साधा स्वेटर. तोच होता! आख्खं पार्किंग उठून उभं राहिलं. नियाजभाईंनी रोहितला उचलूनच घेतलं. मी ओरडले, "खाली बसा, ऐकू द्या." नोरा चालत आली. बाकड्यापाशी थांबली. त्याने तिच्याकडे पाहिलं, आपण अनोळखी पोरीकडे पाहतो तसं, आणि जागा करून दिली. ती बसली. बराच वेळ दोघं नदीकडे बघत होते. मग ती म्हणाली, "माझं नाव नोरा."

आणि कोटवाला, म्हणजे शेखर, म्हणाला, "छान नाव आहे."

बसस्टॉपवर शेजारी बसलेल्या कोणाला म्हणावं तसं. थंड, सभ्य, काहीच न आठवणारं. ते ऐकून मला रडूच फुटलं. ह्याहून वेगळं म्हटलं असतं तर खोटं झालं असतं. मी वळून पाहिलं तर शेखरने दोन्ही हात तोंडावर धरले होते. कोणाला म्हणतोय हे त्याला आत्ता कळत होतं, आमच्याबरोबर.

"जगला," बिलकिस मला हलवत होती. "स्नेहल, जगला तो. आता नाव येणार."

नाव. मी भानावर आले. पडद्यावर इंग्रजी नावं वर सरकायला लागली होती आणि तेवढ्यात ती सगळी आक्रसून कोपऱ्यात गेली. मोठ्या पडद्यावर भलत्याच कुठल्यातरी स्वयंपाकाच्या कार्यक्रमाची जाहिरात आली आणि खाली आकडे उलटे पडायला लागले. ते संपले की तो कार्यक्रम सुरू. पाटी गेली.

"रिमोट," मी किंचाळले. "अण्णा, रिमोट."

पण अण्णांनी मांडीखालून पिशवी आधीच काढली होती. अजिबात घाई न करता त्यांनी पिशवीवरूनच मधलं बटण दाबलं, मग बाणाचं बटण वरच्या बाजूला, मग पुन्हा मधलं. जाहिरात गेली. नावं परत सगळ्या पडद्यावर आली. अण्णांनी रिमोट परत मांडीखाली ठेवला.

"काय बघते सूनबाई? तेवढंच तर शिकत होतो आतमधी," ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "दर वेळी पाटीच्या आधी पळून जायचं मेलं."

मग आख्खी गल्ली रंगलेल्या तोंडांनी परदेशी लोकांची नावं वाचत बसली. विजेची कामं करणारे, केस विंचरणारे, गाड्या चालवणारे. रहाडीवरून दोनदा बोलावणं आलं, कोणी उठलं नाही. रोहितने उठायचं धाडस केलं तर बिलकिसने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. नावं संपली. पडदा काळा झाला, आणि मला वाटलं पाटी काढली.

आणि मग ती आली. मराठीत, पांढऱ्या अक्षरांत. 'ग्रेकोट: शेखर भिकन खैरनार'.

असा आरडाओरडा नाशिकने रहाडीवरसुद्धा ऐकला नसेल. नियाजभाईंनी शिट्टी वाजवली, कोणीतरी माझ्या डोक्यावर गुलालाची पिशवीच उपडी केली. अण्णांना कळवणहून सारखे फोन यायला लागले. अण्णा मात्र उभे राहून पडद्याकडे बघत होते. त्यांनी बोट वर केलं आणि हवेतच ते मधलं नाव अक्षर न् अक्षर वाचलं.

शेखर गर्दीतून पुढे आला. धुळवडीनंतर तो त्यांच्याशी धड बोलला नव्हता. अण्णांनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"मधलं कशाला घातलं रे?" ते पुटपुटले. "लोक हसतील."

शेखर त्यांच्या खांद्याशी वाकला आणि जो आवाज त्याने घरात कधीच काढला नव्हता, त्या आवाजात म्हणाला, "छान नाव आहे."

अण्णांनी टोपीने डोळे पुसले. टोपीचा रंग तोंडाला लागला, पण त्या दिवशी ते कोणाला कळणार होतं? "मना आईनी मागी लेयेल शे," ते म्हणाले, म्हणजे माझ्या आईने मागून घेतलेलं आहे, आणि मग कळवणचा फोन उचलून त्यांनी मोठ्याने सांगितलं, "हां, भिकन बोलतो."